कपाटातले पाच टाक

दुकान होतं, पण दुकानदार नव्हता. म्हणजे दीडशे दुकानदार होते म्हणे, आणि त्यांतला एकही जागेवर नव्हता. डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉयपासून तासाभरावरच्या त्या गावात फर्निचरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याचे तीन मजले खण पाडून भाड्याने दिले होते. ज्याने त्याने आपल्या खणात जुन्या वस्तू मांडायच्या, चिठ्ठीवर आपला नंबर आणि किंमत लिहायची आणि घरी निघून जायचं. पैसे घ्यायला खाली काउंटरवर एकच बाई. माल कुणाचा म्हणून विचारलं, तर ती नंबर सांगते, नाव सांगत नाही.

"मग भाव कुणाशी करायचा?" मी ऋताला विचारलं.

"आई, आपण काही बाय करायला नाही आलोय," माझी लेक म्हणाली.

ते खरं होतं. आम्ही विकण्याची चौकशी करायला आलो होतो. चाळीस वर्षांचं ट्रॉयचं घर विकलं गेलंय. दोन महिन्यांत मी आणि उल्हास रेडमंडला आमच्या मुलाकडे, केदारकडे, कायमचे राहायला जाणार. तिथे आमच्या वाट्याला एक खोली. ऋता तिच्या गावाहून, स्टेट कॉलेजहून, आठवडाभर मला आवरायला मदत करायला आली होती. मदत म्हणजे काय, तर मी एखादी वस्तू 'न्यायची' ढिगात टाकायची आणि पाठ वळली की तिने ती उचलून 'द्यायची' ढिगात टाकायची. इथे एखादा खण भाड्याने मिळतो का बघू, ही कल्पना तिचीच.

घरातल्या एकाच गोष्टीला तिने हात लावला नव्हता, ती म्हणजे देवघर. त्यात माझ्या सासूबाईंनी दिलेले चार टाक आहेत, चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले घराण्याचे देव, पोस्टाच्या तिकिटाहून जरासे मोठे. मी काही देवभोळी बाई नाही. तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत. पण सासूबाईंनी ते हातात ठेवले तेव्हा मी हो म्हटलं होतं, आणि हो म्हटलं की रोज आंघोळ घालायची, एवढंच मला कळतं. रेडमंडला मी ते नेईनच. पण मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. पुढे कोण? केदारला विचारलं तर म्हणतो, "बघू गं आई." ऋताला विचारलं तर म्हणते, "तुला योग्य वाटेल ते कर." हे काय उत्तर झालं? मी मेल्यावर मला काय योग्य वाटणार आहे, कपाळ?

तर ऋता काउंटरवर भाड्याचं विचारत बसली आणि मी वर गेले. दहा मिनिटांत हरवले. खणांना नंबर होते, पण साठनंतर एकदम एकशे चार यायचा आणि मग परत एकाहत्तर. एका ठिकाणी कुणाच्या तरी लग्नाचे फोटो फ्रेमसकट विकायला होते. नवरा-नवरी अगदी गंभीर, खाली किंमत अकरा डॉलर. अनोळखी माणसाचं लग्न विकत घेऊन कोण भिंतीवर लावतं, मला खरंच कळेना. पुढे एक हाताने फिरवायचं खिमा यंत्र बत्तीस डॉलरला होतं. तसंच आमच्या बेसमेंटमध्ये होतं आणि ऋताने ते कालच फुकट देऊन टाकलं होतं. मी तिला फोन करणार होते, तेवढ्यात ते काचेचं कपाट दिसलं.

एकशे बारा नंबरचं. कुलूपबंद, आत दिवा लावलेला. वरच्या फळ्यांवर जुने कॅमेरे, स्लाइड दाखवायचा प्रोजेक्टर. आणि सगळ्यांत वरच्या फळीवर, काळ्या कापडावर, पाच टाक.

पहिला विचार आला तो आपल्या घरी चोरी झाली, हाच. मग आठवलं, आपले चार आहेत, आणि सकाळीच आपण त्यांना आंघोळ घातली आहे. तरी मी काचेला नाक लावून पुन्हा मोजले. घोड्यावर बसलेला खंडोबा स्पष्ट होता. अष्टभुजा देवीही कळत होती. बाकीचे तिघे पुसून पुसून इतके गुळगुळीत झालेले, की नाकडोळे शोधावे लागत होते. इतके झिजायला चार पिढ्या तरी लागतात. आणि खंडोबाच्या घोड्याच्या पायांत, खाचेत, पिवळं काहीतरी साचलं होतं. हळद.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'चांदी, भारतीय. पाचांचा एकच संच, सुटे मिळणार नाहीत. कृपया साफ करू नका.' किंमत नऊशे डॉलर. शेजारचा चांगला धडधाकट कॅमेरा चाळीसला होता.

मला काही सुधरेना. कोण हा माणूस? याला हे भारतीय आहेत ते कळतं, सुटे करायचे नाहीत हे कळतं, आणि देव विकायला काढू नयेत एवढं कळत नाही? आणि साफ करू नका म्हणजे काय? देव घासायचेच असतात! आणि कुणाच्या घरचे हे? डेट्रॉइटच्या आसपासची सगळी जुनी मराठी घरं मी ओळखते. पण दुसऱ्याच्या देवघरापुढे आपण हात जोडतो, वाकून देव निरखत बसत नाही.

मी उल्हासला फोन लावला.

"दुसऱ्याचे देव घरात आणू नकोस," तो म्हणाला.

"तू कधीपासून मानायला लागलास?"

"मानत नाही म्हणूनच सांगतो. आपले चार आहेत त्यांचं आधी बघ."

हा माणूस पन्नास वर्षं असाच बोलतो. बरोबर बोलतो, आणि त्यामुळे जास्तच राग येतो. मी फोन ठेवला आणि कपाटाशेजारची घंटा दाबली. विकत घ्यायचे होते का? नाही. नुसते बघायचे होते का? तेही नाही. पण तिथून पाय निघेना.

काउंटरवरची बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली, मागोमाग ऋता. बाईने टाक खाली काढून कापडासकट माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "तुम्हाला हे काय आहे ते माहीत आहे का?"

"माहीत आहे," मी म्हटलं. "ही कुणाची तरी घरची माणसं आहेत." इंग्रजीत ते फारच विचित्र वाटलं.

पण ती बाई हसली नाही. तिने खिशातून एक कार्ड काढून वाचलं. "या दुकानदाराची सूचना आहे. हा संच ओळखणारं कुणी आलं, तर विकण्याआधी मला फोन करा. दीड वर्षात कुणी विचारलंच नव्हतं." आणि तिने बरोबर आणलेल्या दुकानाच्या कॉर्डलेस फोनवरून नंबर लावून तो माझ्या हातात दिला.

"आई, प्लीज, भांडू नकोस हं," ऋता हळूच म्हणाली.

मी इंग्रजीतच सुरुवात केली. ट्रॉयची सुवर्णा बोलतेय, तुमच्या कपाटातल्या देवांबद्दल बोलायचंय. पलीकडून मराठीत आवाज आला, "सुवर्णाकाकू?"

"कोण?"

"मी मिहीर."

मिहीर! मोहन आणि उत्तराचा एकुलता एक मुलगा. उत्तरा म्हणजे माझी पस्तीस वर्षांची मैत्रीण. मोहन आधी गेला, दोन वर्षांपूर्वी उत्तराही गेली. म्हणजे ते कॅमेरे मोहनचे होते. आणि ज्या देवांपुढे मी दर संक्रांतीला हळदीकुंकू लावून घेतलं, ते हेच पाच होते, आणि मी ओळखले नव्हते.

मग मात्र माझा तोल गेला. "अरे, आईचे देव विकायला मांडलेस? नऊशे डॉलरला? काही वाटलं नाही का रे तुला?" ऋता माझा कोपर ओढत होती. ती बाई कॅमेऱ्यांकडे बघत उभी राहिली.

मिहीरने सगळं ऐकून घेतलं. लहानपणीही तो उलट बोलायचा नाही. मग म्हणाला, "काकू, मी सगळ्यात आधी तुम्हालाच फोन केला होता. आईचे दिवस झाल्यावर. विचारलं होतं, तुम्ही घ्याल का, नाहीतर काय करू. तुम्ही म्हणालात, काकांना विचारून सांगते."

मला आठवलं. विसरले असते तर बरं झालं असतं. मी तेव्हा ओट्याशी उभी होते आणि उल्हास समोरच चहा पीत होता. त्याला विचारायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. मी विचारलंच नाही. दुसऱ्याचं कुळ आपल्या देव्हाऱ्यात, आपल्याच्याने झेपेल का, काही चुकलं तर, आणि शिवाय नाही कसं म्हणायचं, म्हणून मी तो विषय ढकलला आणि मग पुढे त्याला फोन करायची लाज वाटायला लागली.

"तुम्ही नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं," तो म्हणाला. "खरंच. मी दुसरं काहीतरी केलं असतं. पण तुम्ही सांगते म्हणालात, म्हणून मी थांबलो. मग देवळात विचारलं, ते म्हणाले, आमच्याकडे आधीच खूप झालेत. पाण्यात सोडायला म्हणून लेकवर गेलो, पण हात सुटेना यार... सॉरी, काकू. घरी ड्रॉवरमध्ये ठेवले होते. रोज सॉक्स काढताना दिसायचे. बाबांचे कॅमेरे विकायला हे कपाट घेतलं, तर त्यात लाइट होता, दिवसभर चालू असतो. म्हटलं, निदान दिव्यापाशी राहतील. किंमत मुद्दाम तेवढी लावली, कुणी उगीच शो-पीस म्हणून नेऊ नये."

"आणि साफ करू नका, ते?"

"ती आईने लावलेली हळद आहे."

फोन कानाला धरून मी त्या पिवळ्या रेघेकडे बघत राहिले. माझीच मला लाज वाटली, आणि या पोराची मी लाज काढायला निघाले होते.

"मी नेते," मी म्हटलं. का म्हटलं, कुणास ठाऊक. "मी सांभाळू शकेन की नाही मला माहीत नाही मिहीर, पण आज नेते."

"तसेच न्या ना, काकू."

पण तसेच नेता येत नव्हते. ती बाई म्हणाली, वस्तू कपाटाबाहेर गेली की पावती व्हायलाच हवी आणि शून्याची पावती मशीन काढत नाही. मिहीर म्हणाला, एक डॉलर लावा. मी म्हटलं, एक नाही, सव्वा लाव, देवाचं आहे. सव्वा म्हणजे किती, हे त्या बाईला समजावण्यात ऋताची पाच मिनिटं गेली. टॅक्ससकट एक डॉलर तेहतीस सेंट झाले आणि खंडोबा, देवी आणि बाकीचे तिघे एका ब्राउन पिशवीत घालून माझ्या हातात आले. खण भाड्याने घ्यायचं आम्ही दोघी साफ विसरलो.

गाडी ऋता चालवत होती. पिशवी माझ्या मांडीवर. घरचे चार आणि हे पाच, नऊ झाले. चारांची सोय लावायला निघालेली बाई नऊ घेऊन परत येते, हे उल्हासला कसं सांगायचं या विचारात मी होते. पण त्याआधी मला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. शेवटी मी विचारलंच.

"ऋता, माझ्यानंतर तू हे घेशील का? 'तुला योग्य वाटेल ते' असं नको सांगूस. 'बघू'ही नको. हो किंवा नाही."

"आई, आत्ता?"

"आत्ता."

दोन एक्झिट गेल्या. मी ऐकत होते, ती श्वास घ्यायची आणि सोडून द्यायची. मग म्हणाली, "नाही."

आणि लगेच तिचे डोळे भरले. "सॉरी, आई. मी नाही करू शकणार ते. रोज नाही. मला त्यातला देव कुठला तेसुद्धा कळत नाही. आय डोंट वॉन्ट टू लाय टू यू."

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, इतकं की खिडकीबाहेर बघावं लागलं. पण त्या वाईट वाटण्याबरोबर छातीवरचं काहीतरी उतरलंही, आणि ते काय ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही धड कळत नाही. तीन वर्षं जे उत्तर मिळावं म्हणून मी ऋताच्या मागे लागले होते, ते मला मिळालं होतं आणि ते नको असलेलं उत्तर होतं.

"मग याचं काय करायचं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मग तू घेतलेस कशाला?"

"तेही माहीत नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मी तिला म्हटलं, समोर बघ, गाडी चालव. आणि पिशवी हलू नये म्हणून मी दोन्ही हात तिच्यावर ठेवले.