तळ्याच्या पोटातली खोली

तेलंगणात, बोथच्या बाजूच्या एका गावात मे महिन्यात तळं नसतं, तळ्याची जागा असते. भेगाळलेली काळी माती, तिच्यावर उभ्या म्हशी आणि मधोमध उरलेलं डबकं. एवढं दिसलं की पंचायतीच्या डोक्यात भराभर कल्पना उगवतात.

मयूरी नुकतीच दहावीत गेली होती. फेब्रुवारीत तिनं एकवीस मुलींच्या सह्या घेऊन पंचायतीत अर्ज दिला होता, की आम्हाला अभ्यासाला एक खोली द्या. घरी टीव्ही, पाहुणे आणि भांडणं एकाच खोलीत नांदत होती, पुस्तकाला जागा कुठून मिळणार. अर्ज तीन महिने झोपला आणि आज ग्रामसभेत अचानक जागा झाला.

"आपण तळ्याचं संरक्षण करून राह्यलो," सरपंच नरसिंगराव म्हणाले. 'संरक्षण' हा शब्द ते तोंडात गुळाचा खडा असल्यासारखा घोळवत. "तळ्याले भिंत, भिंतीच्या आत समाजभवन, अन् समाजभवनात पोरींची अभ्यासिका. मयूरीताईच्या मागणीवरून. या ताई, पहिली सही तुमची."

कालपर्यंत ते तिला 'ए पोरी' म्हणत. टाळ्या पडल्या, फोटोसाठी दोन मोबाईल वर झाले.

ठराव तेलुगूत होता. पंचायतीचे सचिव राघवेंद्र तेलुगूतच लिहीत, आणि गावातली मराठी मंडळी, त्यांत सरपंचही आले, चित्र काढावं तशी खाली सही करत. मयूरी मात्र शाळेत तेलुगू शिकली होती. हल्ली तर तिला दिसेल ते वाचायची खोडच लागली होती, खताचं पोतं असो की बसची पाटी. ती उभ्या उभ्या वाचू लागली. मुरूम टाकून जमीन सपाट करणे. शंभर फुटी सभागृह. जागा: चेरुवू शिकम. चेरुवू म्हणजे तळं, हे तिला ठाऊक होतं. शिकम मात्र ना तिच्या तेलुगूच्या पुस्तकात होतं, ना मराठीच्या.

"काका, शिकम म्हणजे काय?"

नरसिंगरावांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी पंख्याकडे.

"सरकारी शब्द हाय. तुले काय करायचं त्याचं? सही कर."

"म्हणजे तुमालेबी नाई येत."

मागच्या रांगेत देवाजी खाकरले. तळ्याचं पाणी शेतांना सोडण्यात त्यांचा जन्म गेला होता. "निजामाच्या टायमाचा शब्द हाय, बाई. शिकम म्हणजे पोट. तळं भरलं का पाणी जिथवर पसरते, ते त्याचं पोट. हे त्या पोटातच मुरूम भरून राह्यले."

"पाणी कुठं हाय, देवाजी?" नरसिंगराव हसले. "मले तं म्हशी दिसून राह्यल्या."

"काका," मयूरी म्हणाली, "सकाळी तुमचंबी पोट रिकामंच राह्यते. त्यात कोणी सभागृह बांधलं काय?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. नरसिंगरावांचं हसू तिथंच वाळलं.

शेजारी उभ्या मैत्रिणीनं, सुनयनानं, मयूरीला चिमटा काढला. "मयूरे, खोली जाईन ना. गपचूप सही कर."

खोली मयूरीला हवीच होती. खिडकी कुठल्या बाजूला असावी, तेसुद्धा तिनं वहीत काढून ठेवलं होतं. तिनं पेन घेतलं आणि सहीच्या जागी तेलुगूत दोन ओळी लिहिल्या.

नरसिंगरावांनी रजिस्टर ओढलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. अक्षरं काही बोलेनात. "काय लिवलं हिनं?"

राघवेंद्र घुटमळले, पण सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती. "'आम्ही खोली मागितली होती, तळं नाही. अर्ज परत घेते.'" मग खालच्या आवाजात म्हणाले, "सरपंच साब, ठराव या अर्जावरच आहे. अर्जच नाही, तर वरच्या ऑफिसात काय पाठवू?"

"तं मग अभ्यासिकाबी रद्द," नरसिंगराव गरजले. "बसा टीव्हीसमोर अभ्यास करत."

सुनयनानं मान खाली घातली. मयूरीनं रजिस्टर सचिवांपुढे सरकवलं.

"रद्द तं रद्द. पण अख्खा ठराव रद्द, असं लिवा, सर. तेलुगूतच लिवा, म्हणजे काकाले वाचाची तसदी नाई."