बिनखुणेचं कार्ड

मी वायरमन. बायको शब्दकोशाच्या कचेरीत होती. तिथला नियम असा, की लिहिलेला अर्थ एखाद्या कमी शिकलेल्या माणसाला वाचून दाखवायचा. त्यानं शब्द ओळखला तरच कार्डावर खूण करायची. आमच्या घरचा अडाणी मी. जेवताना ती अर्थ वाचायची, मी शब्द सांगायचो. चुकलो तर म्हणायची, "अहो, तुम्ही नाही चुकलात, मी चुकले." बरोबर आलं, की तो शब्द कुठून आला ते सांगायची. तेवढंच माझं शिक्षण.

तिला जाऊन दोन महिने झाले. काल तिचे साहेब कार्डांचा खोका न्यायला आले. एकाच कार्डावर खूण करायची राहिली होती.

"बिनखुणेचं आम्ही नव्यानं लिहून घेतो," साहेब म्हणाले.

म्हणजे तिचं शेवटचं वाक्य जाणार.

"तुम्हीच करून टाका की खूण. कोण बघतंय?" साहेबच म्हणाले.

"मी शब्द वाचून बसलोय. आता कसलं ओळखणार, कपाळ! तुम्ही ओळखा."

"मी शिकलेला. माझं चालत नाही."

"घरात दुसरं कोण आहे? चालवून घ्या." मी शब्दावर अंगठा ठेवून वाचलं, "वर वर पेटत जाऊन प्रकाश पसरणे."

"भडकणे," साहेब म्हणाले.

"नापास."

कोण नापास, ते आम्हा दोघांनाही कळलं. मी अंगठा काढला. शब्द होता 'उजळणे'.

साहेबांनी चष्मा पुसला. "बाई शब्दाच्या मुळामागे गेल्या. संस्कृतात उत् म्हणजे वर, ज्वल म्हणजे जळणे. त्याचं उज्ज्वल, त्याचं आपलं उजळणे. मूळ बरोबर आहे हो. पण आता त्यात जाळ उरला नाही. तुम्ही काय म्हणाल?"

"मी काय म्हणणार? दिवा लागतो आणि खोली उजळते. जळणारा वेगळा, उजळणारा वेगळा."

साहेबांनी कार्ड पुढ्यात ओढलं. मग तिचं वाक्य न खोडता त्यांनी पुढे पेन्सिलीनं लिहिलं, 'व त्यामुळे दुसरे काही स्वच्छ दिसू लागणे'.

"आईला वाचून दाखवतो," ते म्हणाले. "ती शाळेत गेलेली नाही."

खोका घेऊन ते जिना उतरू लागले. मी कठड्यावरून वाकलो.

"साहेब, आईंना घाई करू नका. मला तीन-तीन दिवस लागायचे. ही रोज जेवताना तेच कार्ड पुन्हा वाचायची."