आवाज आला होता का?

गोदामाच्या मुकादमाचा एक लाडका शब्द होता: ‘मुरगळलाय’. कुणी शिडीवरून घसरो, कुणाचा पाय खोक्यांखाली येवो, मुकादम लांबूनच निदान करून मोकळा! तुमच्याआमच्या घरातही असा एखादा बिनडिग्रीचा डॉक्टर असतोच की.

त्याची मुलगीही तिथेच कामाला होती. एका दुपारी खांद्यावर खोकं घेऊन ती वळली, पण पाऊल लाकडी फळ्यांच्या फटीतच अडकून राहिलं. ती कळवळून खाली बसली. गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला, असं ती सांगत होती. खोकं आपटल्याचा असेल, म्हणत मुकादमाने तिला उभं केलं आणि चार फेऱ्या मारायला लावल्या. तासाभरात गुडघा टम्म फुगला, तरी त्याने नुसती घट्ट पट्टी बांधली. लेकीला सूट दिली तर बाकीचे काय म्हणतील, ही त्याची खरी भीती.

तीन आठवड्यांनी जिना उतरताना त्याच गुडघ्याने दगा दिला आणि ती सात पायऱ्या गडगडत खाली आली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी तिचा चांगला गुडघा तपासला, मग दुखरा. नडगी हलकेच पुढे ओढली तर ती टेबलाच्या ढिल्या खणासारखी सरकली. त्यांनी विचारलं, “पहिल्या दिवशी आवाज आला होता का?”

मुलीने बापाकडे बघत होकारार्थी मान हलवली.

आतलं लिगामेंट तेव्हाच तुटलं होतं, बाईंनी सांगितलं; आता या पडण्यात गुडघ्यातली गादीही फाटली. ऑपरेशन होईल, पण ओझं घेऊन शिडी चढणं बहुधा कायमचं बंद. “आवाज, लगेच चढलेली सूज, गुडघा निसटल्यासारखा वाटणं, यातलं एक जरी असलं तरी आधी दाखवायचं असतं. तुम्ही तिला चालवलंत.”



दुसऱ्या दिवशी गोदामाच्या दाराशी झाडूवाला लंगड्या नेहमीसारखा झाडत होता. हे नाव मुकादमानेच ठेवलेलं. आठ वर्षांपूर्वी तोही हमाल होता, आणि त्याचाही गुडघा ‘मुरगळला’ होता.

मुकादम त्याच्यासमोर उकिडवा बसला. “दादा, तेव्हा आवाज आला होता का?”

“आला होता की, साहेब. तुम्ही विचारलंच नाही.”

मुकादम तिथेच ढसाढसा रडला. आज कुणी पडलं की तो आधी विचारतो, मग गाडी बोलावतो. पण तेवढ्याने ते दोन गुडघे परत येत नाहीत. वाचकहो, दुखणं ज्याचं आहे त्याला बोलू द्या, आणि तो सांगेल ते खरं माना.