बत्तिशीची हुशार अंगठी

दातांच्या दवाखान्यामागे एक लांबोडकी खोली होती. तिथे बसून तो लोकांचे दात करायचा. पुढच्या खुर्चीत दात काढायचं काम डॉक्टरीणबाईंचं, मागे कवळ्या करायचं काम त्याचं. डॉक्टरीणबाईंच्या वडिलांच्या वेळेपासून, म्हणजे सत्तावीस वर्षं, तो त्या खोलीत होता. सगळा रस्ता त्याला ‘बत्तिशी’ म्हणायचा. त्याचे स्वतःचे दोन दात किडलेले होते. त्याबद्दल कोणी छेडलंच तर तो तोंड मिटून हसायचा.

बायकोच्या मते त्याला व्यसन म्हणावं असं एकच होतं, आणि तेही एकोणपन्नासाव्या वर्षी लागलेलं. मोबाइलवरून ‘पुरुषांसाठी खास’ वस्तू मागवायचं. सुरुवात कोळशाच्या साबणाने झाली. मग दाढीचं तेल आलं. दाढी नव्हती, पण तेल आलंय म्हटल्यावर महिनाभर वाढवून पाहिली, ती ठिगळासारखी उगवली, मग काढून टाकली. मग पाठ ताठ ठेवणारा पट्टा आला. तो बांधून बाजारातून निघाला की लोकांना वाटायचं, याला मागून कोणीतरी पकडून नेतंय. प्रत्येक वस्तू काळ्या डब्यात यायची आणि डब्यावर वाघ, वीज नाहीतर कुऱ्हाड असायची.

“अहो, या कुऱ्हाडीच्या डब्यात आणि माझ्या गुलाबी डबीत एकच मलम आहे,” बायको सांगायची. “मागची बारीक अक्षरं वाचा जरा.”

तो वाचायचा नाही. वाचायला चष्मा लावावा लागला असता.

अंगठीचं खूळ डोक्यात भरवलं ते मेव्हण्याने. बायकोचा हा धाकटा भाऊ मोटारींच्या शोरूममध्ये गाड्या विकायचा. त्यामुळे कुठल्याही गोष्टीबद्दल तो अशा काही तऱ्हेने बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे घेतलं नाही तर आपण पायीच राहणार. एका रविवारी तो बोटात काळी, जाडजूड अंगठी घालून आला.

“भावोजी, हुशार घड्याळं आता शाळेतली पोरंसुद्धा घालतात. हे बघा. झोप मोजते, ठोके मोजते, अंगातला जोम मोजते.”

“जोम? तो कसा मोजते?”

“ते तिचं ती बघते हो. आपण फक्त घालायची.”

चौथ्या दिवशी बत्तिशीच्या दारात खोकं हजर. बोटाचं माप कसं घ्यायचं याच्या सूचना होत्या, पण त्या वाचायच्या कशाला? त्याने अंदाजाने मधलं माप मागवलं होतं. डाव्या हाताच्या बोटात अंगठी पेरापर्यंत गेली आणि अडली. त्याने दात-ओठ खाऊन जोर लावला तेव्हा ती आत बसली. मोबाइल उजळला आणि त्यावर अक्षरं आली, ‘स्वागत आहे, योद्धा!’

खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. सत्तावीस वर्षं प्लास्टरमध्ये हात घालणाऱ्या माणसाला योद्धा कोण म्हणतं?

तेव्हापासून त्याचा दिवस अंगठीच्या तालावर चालू लागला. रोज सकाळी ती आकडा सांगायची. आकडा सत्तरच्या वर गेला की हा शीळ घालत दाढी करायचा. चाळीसच्या खाली आला की चहाचा कपही दोन हातांनी धरायचा.

“जरा कपाट सरकवू लागता का?” बायकोने एकदा विचारलं.

“आज नको. माझा जोम अडतीस आहे.”

“आणि माझा?”

“तुझ्याकडे कुठे अंगठी आहे?”

“म्हणजे माझा कितीही खर्च करा, संपायचा नाही, असंच ना?” म्हणत तिने एकटीने कपाट सरकवलं. जमिनीवर उठलेला ओरखडा त्याने नंतर तीन वेळा पुसला, तो काही जाईना.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग एका सोमवारी रात्री अंगठीत ‘ठोके बिघडले तर इशारा’ ही नवी सोय आपोआप सुरू झाली, आणि मंगळवारी गंमत संपली. सकाळी साडेअकराचा सुमार होता. तो हिरड्यांच्या साच्यात प्लास्टर ओतत होता. शेजारी ठेवलेला मोबाइल कण्हल्यासारखा वाजला. ‘योद्धा, ठोक्यांत गडबड आढळली. काम थांबवा. शांत बसा.’

त्याच्या हातातला साचा निसटता निसटता वाचला. तो स्टुलावर बसला, दीर्घ श्वास घेतले, पाणी प्यायला. पाच मिनिटांनी सूचना गेली. म्हणून पुन्हा कामाला लागला, तर पुन्हा तेच. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. शुक्रवारी तर तीनदा.

त्याच्या वडिलांचं हृदय बावन्नाव्या वर्षी बंद पडलं होतं. सकाळी चप्पल घालून बाहेर गेलेला माणूस दुपारी परत आला नव्हता. बत्तिशीने त्या आठवणीला इतकी वर्षं कधी फिरकू दिलं नव्हतं. आता ती रोज साडेअकराला येऊन बसायला लागली. त्यातच अंगठीचं बोट सुजलं. त्याने मोबाइलवर शोधलं, तर हृदय दुबळं झालं की अंगाला सूज येते, असं लिहिलेलं सापडलं. त्याच्या दृष्टीने निकाल लागला.

बायकोला काय सांगणार? त्याने सांगितलंच नाही. त्याऐवजी तो घरात गोड वागू लागला. विम्याचे कागद कुठल्या पिशवीत आहेत ते त्याने तिला दाखवलं. पाण्याची टाकी भरल्यावर कोणता नळ आधी बंद करायचा, हे दोनदा समजावलं. शनिवारी त्याने न सांगता भांडी घासली आणि घासताना तिच्याकडे असं पाहिलं, की ती दचकलीच.

‘हा माणूस इतका गोड बोलतोय,’ तिने मनाशी म्हटलं, ‘म्हणजे काहीतरी मोठं विकत घेतलंय.’

रविवार मात्र बरा गेला. अंगठी दिवसभर गप्प होती. वादळ यायच्या आधी असंच शांत असतं म्हणे, या विचाराने त्याला जेवण गेलं नाही. सोमवारी दवाखान्यात पुन्हा सूचना आली. आणि मंगळवारी सकाळी चहा पिता पिता त्याच्या तोंडून निघून गेलं, “माझ्यामागे तू इथेच राहा. घर विकू नकोस.”

बायकोने कप खाली ठेवला.

“मागे म्हणजे? कुठे निघालात?”

“कुठे नाही. असंच.”

“असंच कोणी बोलत नाही. बोला. नाहीतर आत्ता तुमच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावते.”

मग बांध फुटला. साडेअकरा, सूचना, सूज, वडील, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर ती उठली, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाली, “चला.”

“चहा तरी...”

“चहा आल्यावर.”

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्याला पलंगावर झोपवलं. छातीला गार वाटणारी बटणं चिकटवली. यंत्रातून कागदाची पट्टी सरसर बाहेर येत होती आणि बत्तिशी छताकडे बघत होता. छताला ओलीचा एक डाग होता. हा डाग आपल्याला शेवटचा दिसणार की काय, असं त्याला वाटून गेलं. डॉक्टरांनी पट्टी नीट पाहिली, रक्तदाब घेतला, नळी लावून पाठीपोटाकडून ऐकलं, जागच्या जागी उड्या मारायला लावून पुन्हा ऐकलं.

“ठणठणीत आहात,” ते म्हणाले. “या वयाला याहून चांगलं हृदय मी या आठवड्यात पाहिलेलं नाही.”

“पण सूचना?”

डॉक्टरांनी मोबाइल घेतला आणि सूचनांची यादी वर-खाली सरकवली. “गंमत आहे. सगळ्या सव्वाअकरा ते पाऊण या वेळेतल्या. रविवारी एकही नाही. तुमचं हृदय आठवड्याची सुट्टी घेतं वाटतं?”

बायको यादीकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, “अहो, तुम्ही साडेअकराला काय करता?”

“काय करणार? प्लास्टर ओततो.”

“त्या थरथरणाऱ्या टेबलावर?”

प्लास्टर ओतताना आत हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून त्याच्याकडे एक बुटकं टेबल होतं. बटण दाबलं की ते सारखं थरथरायचं. साचा डाव्या हाताने त्यावर दाबून धरायचा आणि उजव्याने ओतायचं. डाव्या हाताने. अंगठीच्या हाताने.

“म्हणजे,” डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, “हिने आठवडाभर टेबलाचे ठोके मोजले.”

आधी बायको हसली. मग बाहेर बसलेल्या नर्सबाई हसल्या. शेवटी पलंगावर उघड्या छातीने बसलेला बत्तिशीही हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते थांबेना. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“आणि ही सूज?” त्याने नाक पुसत विचारलं.

“सूज अंगठीची. तुम्ही बोटाला फास लावलाय. ती आज निघायलाच हवी.”

नर्सबाईंनी साबण लावून पाहिला. मग दोरा गुंडाळून पाहिला. अंगठी इतकी रुंद होती की दोरा तिच्या खालून सरकेना. डॉक्टरांकडे अंगठ्या कापायचं एक चिमुकलं चाक होतं. ते सोन्याचांदीला पुरेसं होतं, पण या काळ्या धातूवर नुसतं किरकिरलं.

“मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल,” डॉक्टर म्हणाले.

“कशाला?” बत्तिशी म्हणाला. आठवडाभरात पहिल्यांदा त्याचा आवाज कामावरच्या माणसासारखा आला. “धातूच्या कवळ्यांचे सांगाडे कापायची हिऱ्याची चकती आहे माझ्याकडे.”

“मग कापणारा भरवशाचा हवा. तळहाताच्या बाजूला बॅटरी दिसते, तिला धक्का लावायचा नाही. वरून कापा, वर सतत पाणी सोडा, आणि चटका बसायला लागला तर लगेच थांबा.”

दोघं दातांच्या दवाखान्यात आले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “काका, मी दातांवर चालवते. बोटावर कधी चालवलेलं नाही.”

“दातच आहे असं समजा. मी आ करून बसतो हवं तर.”

त्याला खरोखरच पेशंटच्या खुर्चीत बसवलं. सत्तावीस वर्षांत तो त्या खुर्चीत कधी बसला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दोन दातांमध्ये सरकवायची पातळ पत्र्याची पट्टी अंगठी आणि कातडीच्या मधून हळूहळू पलीकडे काढली, म्हणजे चकती पार गेली तरी कातडीपर्यंत पोचणार नाही. बायकोच्या हातात पाणी ओढून घेणारी नळी दिली.

“ताई, पाणी साचू द्यायचं नाही.”

“साचू देत नाही,” बायको म्हणाली आणि तिने नळी अशी धरली, जणू जन्मभर तेच केलंय.

चकती फिरायला लागली. अंगठीतून करडं पाणी वाहू लागलं. बत्तिशीने डोळे मिटले. मग, डॉक्टरीणबाई पेशंटना नेहमी ‘डोळे मिटू नका, जास्त भीती वाटते’ असं सांगतात हे आठवून, उघडले. डॉक्टरीणबाई थांबत होत्या, बघत होत्या, पुन्हा सुरू करत होत्या. चारेक मिनिटांनी चकतीचा आवाज बदलला. त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं, दोन्ही बाजूंनी पकडी लावल्या आणि बाहेरच्या दिशेने ताण दिला. कट् असा आवाज झाला. अंगठी फाकली आणि स्टीलच्या थाळीत जाऊन पडली.

त्याच क्षणी खिशातला मोबाइल वाजला. बायकोने तो काढून मोठ्याने वाचला, “योद्धा, तुमचे ठोके सापडत नाहीत.”

“नसू देत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आता हसायची पाळी त्यांची होती.

बोटाला खोल वळ पडला होता. रक्त परत धावायला लागलं तशा त्यात मुंग्या आल्या, मग ठणका लागला. तो ठणकासुद्धा त्याला गोड वाटला. त्याने बोट वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं. मागच्या खोलीत जाऊन तिघांनी चहा केला. सकाळचा राहिलेला.

“मला आधी का नाही सांगितलंत?” बायकोने विचारलं. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

“तू घाबरली असतीस.”

“मग दोघं घाबरलो असतो. एकट्याने कशाला घाबरायचं?”

तो बशीतला चहा फुंकत राहिला.

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. बायकोने तो घेतला आणि घडलेलं सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज येईल म्हणून बत्तिशी मान खाली घालून वाट बघत होता. हसणं आलंच नाही. बायकोने फोन स्पीकरवर टाकला.

“ताई,” मेव्हणा म्हणत होता. एरवी गाड्या विकणारा त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मलाही येतंय तसंच. आठ दिवस. सकाळी मोटरसायकलवरून शोरूमला जाताना, आणि संध्याकाळी येताना. मी कोणाला बोललो नाही.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बत्तिशीने फोन हातात घेतला.

“अरे, घाबरू नकोस. बहुतेक मोटरसायकलच असणार. पण आपल्या मनाने ठरवायचं नाही, आधी तपासून घे. तुझी अंगठी निघते का?”

“निघते, भावोजी. थोडी घासते, पण निघते.”

“मग काढ, आणि बसने ये. मी येतो तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे. आत येऊन बसतो हवं तर.”

“याल?” मेव्हण्याने विचारलं. “या ना. मला एकट्याला जायचं नव्हतं.”

फोन ठेवून बत्तिशीने टेबलावरचा साचा उचलला, डाव्या हाताने तो थरथरत्या टेबलावर दाबून धरला आणि मेव्हणा येईपर्यंत वरच्या कवळीसाठी प्लास्टर ओतून घेतलं. बुडबुडा एकही राहिला नाही.