चार घड्यांचा कागद

"दुसरीचं बोलणं आपल्या अक्षरात उतरवू नकोस, सुनीती. थोड्या दिवसांनी ते तुला आपलंच वाटायला लागेल, आणि मग जळत बसशील."

आईने हे सांगितलं तेव्हा मी श्यामला मांडीवर थोपटत होते. हसून म्हटलं, "अगं, मेतकुटाचा तर कागद आहे. त्यात काय जळायचंय?"

"मेतकूटच आधी जळतं," आई म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली.

आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, आणि कुसुमचं आमच्या भिंतीला भिंत लावून. माझे वडील शास्त्री. मुलगा नाही म्हणून त्यांनी मला बाळबोध आणि मोडी दोन्ही शिकवलं. पेठेतल्या बायकांनी त्यांना अजून त्याची माफी दिलेली नाही. कुसुमला अक्षर ओळखता येत नाही. तिच्या डोक्यात मात्र कल्पना अशा उडत असतात, जसे तापल्या वाळूत फुटाणे.

त्या ज्येष्ठात यांची दफ्तरातली चाकरी गेली. कोकणातून थोरल्या दिरांचा निरोप आला: दसऱ्यापर्यंत काही जमलं नाही तर मुकाट्याने गावी या. श्याम तेव्हा जेमतेम बसायला लागला होता. जरा वारा लागला की त्याची छाती भरायची. झोपला की मी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. हे पोर घेऊन घाट उतरायचा आणि त्या ओल्या गावात राहायचं, हा विचार आला की मी त्याला आणखी घट्ट धरायची. मला पुण्यात राहायचं होतं. बाकी काही नको होतं.

आणि तेव्हाच कुसुम भिंतीवरून डोकावून म्हणाली, "वहिनी, दसऱ्यानंतर स्वारी निघणार. आमचे हे पण जाणार. हे कारकून लोक दिवसभर घोड्यामागे धावणार, मग स्नान, मग सोवळं, मग चूल. दमून नुसतं पाणी पिऊन झोपतात मेले. आपण त्यांना बांधून दिलं तर?"

"काय बांधून दिलं तर?"

"मेतकूट, सुक्या खोबऱ्याची चटणी, तुपातले लाडू. पाणी न लावता भाजलेलं, म्हणजे प्रवासात सोवळ्याला चालतं. थैली सोडली की जेवण तयार. आणि हो, थैलीला दोन कप्पे हवेत. आणि सुंठ पण. आणि पर्वतीला दक्षिणा घ्यायला येतात ना ब्राह्मण, त्यांना परतीच्या वाटेला..."

"थांब," मी म्हटलं. "कागद आणते."

कागदीपुऱ्यातल्या करीमभाईंकडून यांनी घेतलेला एक ताव घरात उरला होता. दफ्तरात करतात तसा मी तो उभा दुमडला, पुन्हा दुमडला, आणि उलगडला. चार घड्यांचे चार रकाने पडले. पहिल्यात लिहिलं, काय करायचं. दुसऱ्यात, सामान कुठून आणायचं. तिसऱ्यात, घेणार कोण. चौथ्यात, कुणाच्या हाताने. कुसुम बोलत सुटली आणि मी तिचा एकेक फुटाणा उचलून ज्याच्या त्याच्या रकान्यात ठेवत गेले. संध्याकाळी त्या कागदाकडे पाहिलं तर एक धंदा उभा होता. कुसुम टाळ्या पिटत म्हणाली, "बाई, मी एवढं सगळं बोलले?"

मला वाटलं, नाही. तू नुसती बडबडलीस. हे मी केलं.

तिथून सुरू झालं. नमुन्याचं मेतकूट दोघींनी केलं. यांनी भातावर घेतलं आणि म्हणाले, "कुसुमवहिनींच्या हाताला चव आहे." भाजलं तिने होतं हे खरं. पण कुठली डाळ किती, हे कागदावर कुणी मांडलं? श्याम माझ्याकडे असला की किरकिरायचा आणि तिने नुसतं "काय रे लबाडा" म्हटलं की खिदळायचा. तिच्या नवऱ्याची, अनंतरावांची चाकरी पक्की. तिला ही हौस होती, मला गरज होती. आणि शेजारपाजारी कौतुक व्हायचं ते हौसेचं. एका गोष्टीत मात्र मी तिच्यापुढे होते. माझ्या मांडीवर मूल होतं. तिचं दोनदा राहून तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. हे मी मनातल्या मनात घोळवायची, आणि मला बरं वाटायचं.

श्रावण गेला. भाद्रपदात मी चौथा रकाना पक्का करायला बसले. सोवळ्याचं काम, म्हणजे जिला कावळा शिवला तिने चार दिवस भट्टीच्या जवळपास फिरकायचं नाही. एक बाहेर बसली की दुसरीने भाजायला हवं, नाहीतर दसऱ्याची मागणी बुडाली. म्हणून दोघींचे दिवस मांडायला घेतले. माझे मांडले. मग कुसुमचे आठवू लागले.

शेजारीण बाहेर कधी बसते हे कळायला विचारावं लागत नाही. ती कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली दिसते, तिचं पाणी वेगळं दिसतं. मी आठवत गेले. श्रावणात? श्रावणात तर तिने सोमवार, मंगळागौर, शुक्रवार, सगळं ओळीने केलं होतं. "यंदा एकही खाडा नाही, वहिनी!" असं मिरवलं होतं. त्याआधी? आषाढातही नाही.

बोरू हातात तसाच राहिला. पलीकडे जात्याची घरघर चालू होती. डाळ तीच दळत होती.

आतून पहिला विचार आला तो हाच, की आता हेही तिला मिळणार. दुसरा विचार कोकणाचा. कुसुम कामावरून उठली तर भट्टी थंड, आणि आम्ही घाटात. मी श्यामकडे पाहिलं. तो आपल्या अंगठ्याशी बोलत होता.

मी चौथ्या रकान्यातलं कुसुमचं नाव खोडलं आणि कागद घेऊन तिच्या ओटीवर गेले.

तिला वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठे आहे हे तिने पाठ केलं होतं. कागद बघताच तिचा चेहरा उतरला. "माझं नाव का खोडलंत?"

"जातं सोड आधी."

"का म्हणून? माझी कल्पना, माझा हात, आणि आता नाव तेवढं तुमचं का? मला वाटतच होतं. माझी चव कुणी वाखाणली की तुमचं तोंड आंबट होतं."

"होतं," मी म्हटलं. "आंबट होतं. पण तू दोन महिने बाहेर बसलेली नाहीस, बये. मोजता येत नसेल तर मला विचारायचंस."

जात्याचा खुंटा तिच्या हातातून सुटला. मग हळूच म्हणाली, "मोजायची भीती वाटत होती."

दुसऱ्याच दिवशी तिला मांजरी गावी, तिच्या माहेरी पाठवायचं ठरलं. तिसरा महिना तिथेच, निजून काढायचा. गाडीत बसताना मी तो कागद तिला द्यायला पुढे केला, तर म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडेच, वहिनी. अक्षर तुमचंच आहे." गाडी निघाली तेव्हा श्याम तिच्यासाठी रडला. माझ्यासाठी तो असा कधी रडत नाही.

भट्टी यांनी पेटवली. दोन स्वाऱ्या केलेला माणूस, सोवळ्यात स्वतःचं शिजवून खाल्लेला. "दिगंबरपंतांनी लेखणी सोडून जातं धरलं," म्हणून पेठ हसली. हसत हसत थैल्या मात्र घेऊन गेली. दसरा झाला, आम्ही पुण्यात राहिलो. थोरल्या दिरांना मी स्वतः मोडीत उत्तर लिहिलं आणि यांची सही घेतली.

आता वैशाख आहे. धंदा चालतोय, आणि अजून गिऱ्हाईक दारात येऊन विचारतं, "कुसुमताईंचं मेतकूट इथेच मिळतं ना?" मी हो म्हणते. थैली जरा जोरात आपटते, इतकंच.

कुसुमचे दिवस चैत्रातच भरायला हवे होते. अनंतराव अजून स्वारीतून परतलेले नाहीत. मांजरीहून गूळ घेऊन येणाऱ्या सर्जेरावाला दर खेपेला विचारते. तो म्हणतो, "बरं हाय की." त्याचा बैल मेला तेव्हाही तो असंच म्हणाला होता. श्यामला पुन्हा खोकला झालाय, त्याला घेऊन एवढ्या उन्हात मी निघू शकत नाही. आणि खरं सांगू? गेले आणि तिच्या कुशीत गुटगुटीत पोर दिसलं तर माझं तोंड आंबट होईल. दिसलं नाही तर काय होईल, ते मला मनात आणायचंही नाही.

तुमच्यापैकी कुणी हडपसरच्या वाटेने जाणार असेल तर मांजरीत जोश्यांचं, तिच्या माहेरचं घर विचारा. आत जायची गरज नाही. परसातल्या दोरीवर लहान लंगोट वाळत आहेत का, तेवढं बघा. असले तर ही डिंकाच्या लाडवांची थैली ओटीवर ठेवा, कुणी दिली ते सांगू नका. दोरी रिकामी असली तर मात्र आत जा, कुसुमजवळ थोडं बसा, आणि सांगा की सुनीतीने कागदावर तुझं नाव पुन्हा लिहिलंय.