चर बुजवण्याआधी

हिवरखेडला सूर्यभानजींच्या घराचं काम निघालं, तेव्हा स्वयंपाकघराची फरशी एका कोपऱ्यात चांगली वीतभर खचली होती. खालची सांडपाण्याची जुनी नळी कधीची तुटलेली. काळी मातीच ती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पोटात घातलेलं काही सुखानं राहू देत नाही.

दामिनी ही त्यांची सून. अकोल्यात जठारपेठेत तिचं आणि गजेंद्रचं बिऱ्हाड. गजेंद्र शाळेत शिकवायचा, आणि आयटीआयमध्ये प्लंबिंग शिकलेली दामिनी हाताखाली दोन माणसं घेऊन इमारतींची कामं करायची. गावात कुणी विचारलं तर सूर्यभानजी एवढंच म्हणत, "सून बांधकामाच्या लाइनीत हाये." पुढं बोलणं पिकपाण्यावर वळवत.

या वेळी सासूनं, मनकर्णाबाईंनी, परस्पर फोन लावला. "घरची सून असतानी बाहेरचा मानूस कावून बलवाचा? तूच ये."

दामिनी आली ती माणसं आणि सामान घेऊनच. स्वयंपाकघरापासून नव्या न्हाणीघराखालून थेट अंगणातल्या चेंबरपर्यंत तिनं चर खणायला लावली.

"विहीर खंदून राहिली का बाई?" सूर्यभानजींनी खुर्चीवरून विचारलं.

"मामाजी, वरची माती हालत राह्यते. जरा खोल गेलं का निवांत असते."

निघालेली काळी माती तिनं पुन्हा चरीत टाकूच दिली नाही. तळाशी मुरूम ठोकला, वर बारीक रेती अंथरली. पाया ओलांडायचा तिथं आधी मोठा पाइप बसवून त्यातून नळी नेली, म्हणजे उद्या भिंत बसली तरी भार नळीवर यायचा नाही. उतार पुन्हा पुन्हा तपासला. संध्याकाळी चेंबरकडचं तोंड बंद करून सगळी नळी पाण्यानं भरली आणि स्वयंपाकघराकडच्या उघड्या तोंडाशी पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारली.

सकाळी पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं.

फरशीवाला कुंदन सामान घेऊन दारात हजर. तो वाकून बघत म्हणाला, "वहिनी, एवढ्याशानं काय होते? बुजवून टाका. वरून फरशी आली का कोनाले दिसते?"

दामिनी चरीत उतरली. कोरड्या फडक्यानं एकेक जोड पुसत गेली. न्हाणीघराखालच्या वळणावर फडकं ओलं झालं. तो जोड तिनं स्वतःच्या हातानं लावला होता. तिनं करवत मागवली आणि तेवढा तुकडा कापून बाजूला टाकला.

"अवो, आज माहा दिवस वाया जाते ना!" कुंदन सूर्यभानजींकडे वळला. "दादा, तुमी तरी सांगा."

सूर्यभानजी उठून चरीच्या काठाशी आले. कापलेला तुकडा उचलून त्यांनी बोटानं चाचपला, मग चिखलात बसलेल्या सुनेकडे पाहिलं.

"कुंदन, तू उद्या ये. माही सून म्हनते तं चर उघडीच राहीन."

दामिनीनं मान वर केली नाही. नवा जोड ती जरा जास्तच वेळ दाबून बसली.

दुसऱ्या दिवशी, पुन्हा भरून ठेवलेलं पाणी रेघेवरून केसभर हललं नव्हतं. दामिनीनं माणसांना रेती आणायला सांगितलं, तर सूर्यभानजी म्हणाले, "थांबा जराशे." पायात चपला सरकवून ते बाहेर पडले आणि परतले ते शेजारचे नत्थुजी, पार्बताबाई आणि ओट्यावरची आणखी चार माणसं घेऊन.

"पाहून घ्या. बुजवल्यावर मंग दिसाचं नाई."

माणसं काठावर वाकली. रेतीच्या अंथरुणावर नळी सरळ, बेतानं उतरत अंगणाकडे गेली होती.

"मिस्त्री कुठचा आनला बाप्पा?" नत्थुजींनी विचारलं.

"अकोल्याचा. ही काय उभी," सूर्यभानजींनी सगळ्यांदेखत बोट दाखवलं. "दामिनी. अकोल्यातल्या मोठमोठ्या बिल्डिंगीत पानी हेच फिरवते. काल एक जोड पाझरला, तं सोताचं काम सोतानं कापून फेकलं!"

हात कोपरापर्यंत मातीचे, ओढणी कमरेला खोचलेली. दामिनीला लाजायचं सुचलंच नाही. ती ताठ उभी राहिली.

"मंग आमच्याकडे कधी येतं बाई?" पार्बताबाईंनी विचारलं.

"येतो ना. पयले घरचं होऊ द्या."

मनकर्णाबाई आत चहा टाकायला गेल्या. दामिनी चरीत उतरली, आणि रेतीचं पहिलं घमेलं सूर्यभानजींनी स्वतः वाकून तिच्या हाती दिलं.