शेणव्याच्या हळदीत बाकूचं गाणं

मी शेणवे गावची जुनी स्पीकरपेटी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे मोडकी नव्हे! माझ्या आवाजावर गावोगावच्या वराती नाचल्या. हल्लीचे मुठीएवढे ब्लूटूथवाले माझ्यापुढे चिलटं.

माझी मालकीण गोजर. ती धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी करणारी बाई. तिचा मुलगा धाकलू मला वाजवायचा. मग तो अझरबैजानला, बाकू शहरात हॉटेलात कामाला गेला. मी गोणपाटाखाली. कोंबड्यांनी माझ्यावर अंडी घातली, कुणाला लाज नाही.

धाकलू परतला तो पेनड्राइव्हभर तिकडची गाणी घेऊन. त्या गाण्यांत प्रेम काही केल्या जुळत नाही. नवरी दुसऱ्याच्या घरी जाते, गाणारा तिच्या दारात उभा राहून हाका मारतो. आणि ठेका असा, की पाय थांबत नाहीत.

"मेल्या, ह्यो रडतो का नाचवतो? एक कायतरी ठरव म्हनावं त्याला," गोजर म्हणायची.

धाकलू हसायचा नाही. त्याचा जीव गावातल्या स्नेहलवर. हीच गाणी त्यानं तिकडून तिला पाठवली होती, अर्थासकट. तो यायच्या आधीच तिचं लग्न वैशाखरे गावच्या मुलाशी ठरलं होतं.

तिच्या हळदीला मलाच नेलं. पोरं ओरडली, "नवीन लाव रे!" धाकलूचा हात नेमका त्या दारातल्या हाकांच्या गाण्यावर गेला. मांडव नाचू लागला. अर्थ धाकलूखेरीज फक्त नवरीला ठाऊक. स्नेहल हळदीच्या हातांनी तोंड झाकून हुंदके देऊ लागली. मुलाकडून उष्टी हळद घेऊन आलेली आत्या एकदा तिच्याकडे बघे, एकदा धाकलूकडे. आता लग्न मोडतं की काय!

गोजरनं माझी वायर खेचली आणि पाठवणीचा धवला उचलला.

"अगो, पाठवनी उद्या हाय!" एक बाई ओरडली.

"माझा धवला, मी कवाबी गाईन!"

त्या धवल्याला न रडणारी बाई आमच्याकडं नाय. सगळ्या रडल्या, आत्यासुद्धा. स्नेहलचं रडू त्यात मिसळून गेलं.

घरी धाकलू मान खाली घालून म्हणाला, "आये, चुकलो."

गोजर खाली बसली. "लाव ते. आनि येकेक बोल सांग मला, काय म्हंतो तो." तो सांगत गेला. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिली.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, वायर उंदरांपासून जपा. पण कुणी एकच गाणं पुन्हा पुन्हा लावत असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. पेट्या दुरुस्त करणारे शहापुरात पुष्कळ आहेत.